वीतभर

दर मंगळवारी सव्वापाचला
मी तीन जिने चढते.
रोसारिओत लिफ्ट बंद असणं ही बातमी नसते
आणि चौपन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरणं हीसुद्धा.
दारावर पितळी पाटी: ओ. ग्वास्तावीनो, मानसशास्त्रज्ञ.
खालच्या मजल्यावर दंतवैद्य.
त्याच्याकडे लोक लवकर सुटतात.

पहिले सात मंगळवार मी टोमॅटोंवर बोलले.
भाव, जाड साल, आतला पांढरट कडक गाभा.
तो ऐकत राहिला.
वाटलं, पैसे मोजून मी इथे भाजी निवडतेय.
बहिणीने फोनवर विचारलं,
काय म्हणतो गं तुझा डॉक्टर?
म्हटलं, "हं" म्हणतो.
निरनिराळे "हं" आहेत त्याच्याकडे.

आठव्या खेपेला मीच बोलून गेले,
पुढचा मंगळवार नको, पाच तारीख आहे.
पाच तारखेला काय असतं?

भाडं असतं.
एका बंद दुकानाचं, अकरा वर्षांचं.
माझा भाऊ अनीबाल तिथे सायकली दुरुस्त करायचा.
एका गुरुवारी जेवायला म्हणून त्याने शटर ओढलं,
कोपऱ्यावर ट्रक वळला,
आणि टेबलावरचं सूप तसंच राहिलं.
किल्ली माझ्याकडे आली.
लोक सांगायचे, नेलिदा, विसर आता, पुढे जा.
जात होतेच की मी पुढे, रोज,
समोरच्या फुटपाथनं.

ग्वास्तावीनो म्हणाला नाही, उघडा.
त्याने विचारलं, ते शटर वाजायचं कसं?
मी तोंड उघडलं
आणि माझ्या घशातून तो आवाजच बाहेर आला:
खरखर, मध्ये एक आचका, पुन्हा खरखर.
दंतवैद्याचं यंत्र खाली क्षणभर थांबलं.
मी हसले. मग रडले.
मग वेळ संपली.
वेळेच्या बाबतीत हा माणूस सोनाराचा काटा आहे.

घोडं कुठे पेंड खात होतं
हे मला माहीत नव्हतं असं नाही.
पण ते तोंडावर यायला सोळावा मंगळवार लागला.
मीच फोन केला होता त्या दुपारी.
सूप गार होतंय, लवकर ये.
लवकर ये, एवढे दोनच शब्द,
पण अकरा वर्षं मी त्यांचंही भाडं भरत होते.

मला वाटलं, आता तो म्हणेल, तुमचा काय दोष.
सगळे म्हणतात.
तो म्हणाला, अनीबाल लवकर यायचा का, बोलावल्यावर?

कधीच नाही.
ते शब्द खोलीत पडले आणि मीच त्यांच्याकडे बघत बसले.
आईच्या वाढदिवसाला तो केक संपल्यावर आला होता.
स्वतःच्या साखरपुड्याला मुलीकडचे उठायला लागल्यावर.

आणि त्या गुरुवारी?
फोन साडेबाराला केला होता मी.
निघाला तो दोन वाजता.
आधी कुणाची तरी साखळी बसवली असणार.
शीळ घालत.

त्या रविवारी मी चमचाभर सूर्यफुलाचं तेल
वाटीत घेऊन गेले, फडक्याने झाकून,
प्रसाद न्यावा तसं.
कुलूप ढिम्म. मग कुरकुरलं. मग सुटलं.
शटर वीतभर वर आलं आणि अडकलं.
आतून रबराचा वास आला,
जुना, गोडसर, त्याच्या शर्टांचा.
मी गुडघ्यांवर बसून हात आत घातला, कोपरापर्यंत.
थंड फरशी, एक नट.
तो मुठीत घेतला आणि शटर पुन्हा खाली ओढलं.

वीतभरच, मी मंगळवारी सांगितलं.
त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत.
"हं," म्हणाला.
हा "हं" मी आधी ऐकला नव्हता.

भाडं अजून भरते.
पण आता त्याच बाजूच्या फुटपाथनं जाते.
परवा एका पोराने अडवलं, हातात फुस्स झालेलं चाक.
इथे पंक्चर काढतात ना, बाई?
नाही, म्हटलं.
चार पावलं गेले. वळले.
हवेचा पंप असेल बहुतेक आत, म्हटलं,
थांब, हे जरा माझ्याबरोबर वर ओढ.