किलोवर घेतलेली

यार्डात मी हळदीच्या पट्ट्या लिहिते.
पोतं किती, तूट किती, हमाली किती.
काटा मला सहसा फसवत नाही.
सायकल भरली एकवीस किलो दोनशे.
भंगारवाला म्हणाला, वरचे दोनशे सोडा ताई.
म्हटलं, सोडू नका, भाव अठ्ठावीसचा सव्वीस करा.
आहेराच्या पाकिटासारखा आकडा निघाला,
पाचशे एक्कावन्न,
वर वीस पैसे. तेवढे त्यानं सोडले.

त्याआधी विश्रामबागेतल्या काचेच्या दुकानात
शिरले होते एकदा.
तिथली सायकल दोन बोटांनी उचलत होती.
पोरगा म्हणाला, चोवीसपासून सुरू.
मला वाटलं चोवीसशे.
त्यानं हप्त्याचं काढलं,
मी प्यायला पाणी मागितलं.

हरिपूर ते यार्ड, जाऊन-येऊन वडापला चाळीस.
गुणिले सव्वीस दिवस.
दुसऱ्याच्या मालाची तूट वीस वर्षं लिहिली,
ही कधी मांडली नव्हती.

दस्तगीर मिस्त्रीनं सीटची नळी उपसली,
सांगाडा उलटा धरून दोनदा आपटला
आणि आतून मूठभर गाळ पडला,
पिवळट, वस्त्रगाळ केल्यासारखा.
पुराचा, तो म्हणाला.
कुठल्या सालचा ते नाही म्हणाला.
दोघांनी आपापलं साल मनात धरलं.
मग त्यानं तो पायानं सारून
कोरफडीच्या डब्यात घातला.

टायर एक नवा, एक कुणाचा तरी.
चेनही कुणाची तरी.
ब्रेकचे गुटके चार, छऱ्यांना ग्रीस,
सीटला माझ्याच जुन्या रेनकोटचं कव्हर.
घंटी?
राहू दे.
घंटीबिगर कसं वो ताई?
तोंड आहे की.

अंग विसरत नाही म्हणतात.
माझ्या अंगानं बरंच विसरलं होतं.
अकराव्या वर्षी भावानं मागून धरलेलं,
आता मागं नुसता कॅरिअर, त्यात डबा.
चिंचांच्या रस्त्यावर सकाळी सव्वासातला पडले,
शाळेच्या पोरींच्या रांगेपुढं.
एकीनं डबा उचलून दिला.
आमटी गेली होती. भाकरी शाबूत.
एकीही हसली नाही, तेच जास्त लागलं.

रात्री मांड्यांना खोबरेल.
सासूबाई म्हणाल्या, हिला पेट्रोल लागत नाही,
तुला लागेल.
खरं निघालं. आठवड्याला किलोभर पीठ वाढलं.
हे मी हिशोबात धरलं नव्हतं.

यार्डातले हमाल आधी बघायचे.
मग एकानं हवा मारून ठेवली, न सांगता.
मग कुणी बघेना.
तेव्हा मला वाटलं, आता येते मला सायकल.

चौथ्या महिन्यात, संगमाकडच्या वळणावर,
धोतर-टोपीतल्या एका म्हाताऱ्यानं हात आडवा केला.
आधी ओरडायचं ते मी त्याच्यापाशी थांबून ओरडले.
त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.
चेनकव्हरवरचा पोचा अंगठ्यानं चाचपला,
काळ्या रंगाखाली नखानं जरा खरवडलं.
निळी होती, म्हणाला.

माझ्या घशात पाचशे एक्कावन्न आले.
पावती नाही, वजनावर घेतली,
मागितली तर काय म्हणायचं,
गाळाचं सांगायचं का?

त्यानं वाकून मागचा ब्रेक दोनदा दाबला.
हा कधीच धरला नाही, म्हणाला.
पुढच्यावर भिस्त ठेव.
आणि हात काढून घेतला.

मी पायडलवर पाय दिला.
वळण संपेपर्यंत पाठीवर नजर होती,
माझ्या, की सायकलीच्या, कळेना.
रोजच्यापेक्षा जरा हलकी बसले सीटवर,
शेजारणीकडून आणलेलं भांडं
नेताना धरावं तशी.