उलटी बाजू

लाईन गेलेल्या दुपारी चार पोरं दुकानात आली.
"काका, झेंडा शिवाचा हाय."
"कोन्त्या पार्टीचा?"
"पार्टीचा नाही. राज्याचा."
बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोन्तं राज्य?"
"होनार हाय ना. आधी झेंडा तं पायजे."

आजोबांच्या दाखल्यावर मध्यप्रांत,
लग्नपत्रिकेवर मध्यप्रदेश,
बाबा झाले तेव्हा मुंबई राज्य,
बाबांना शाळेत टाकलं तेव्हा महाराष्ट्र.
पाळणा एकच होता,
त्याच आढ्याला टांगलेला.
म्हणून बाबा हसले नाहीत.
वीस रुपये विसार घेतला, वहीत लिहिलं: झेंडा, नग एक.

मधात काय काढायचं यावर भांडण.
नरखेडचा भाचा संत्र्यावर अडला,
गणवीरांचा प्रफुल धानाच्या लोंबीवर.
एकाला वाघ हवा होता.
"पट्ट्यापट्ट्याले पैसे पडतीन," बाबा म्हणाले,
आणि वाघ जंगलात परत गेला.
काळं कापड नको, निषेधाचं दिसते,
मातीचा रंग तोच असला तरी.

शेवटी मांडवातला उरलेला हिरवा, त्यावर पांढरं बोंड,
शेजारी लोंबी, वजनानं वाकलेली.

रात्री मी कंदील धरला.
"सदऱ्याले उलटी बाजू असते, बाई, झेंड्याले नसते.
हवा कोन्या अंगानं येईन, कोनाले मालूम?"
म्हणून बोंडं दोन कापली,
पाठीला पाठ लावून शिवली,
मधली गाठ कुणालाच दिसू नये अशी.

पोरं आलीच नाहीत.
बोरकर मास्तर म्हणाले, आपल्याकडं राज्यांना
वेगळा झेंडा नसतो, डोमाजी.
"नसन," बाबा म्हणाले, "पन माप तं बरोबर हाय."
प्रफुल पोलिसात लागला. सव्वीस जानेवारीला
ठाण्यातली दोरी तोच ओढतो,
फुलं त्याच्याच टोपीवर पडतात.

परवा मशीन विकायची म्हणून खण रिकामा केला.
तुटक्या सुया, खडूचे तुकडे,
आणि तो, चौपदरी.
वरचा पदर उन्हानं पिवळा पडलेला.
उलगडला, तर आतला
कालच कात्रीखालून निघाल्यासारखा हिरवा.

बाबा, असते.
झेंड्यालाही उलटी बाजू असते,
घडी मोडल्याशिवाय दिसत नाही एवढंच.

अंगणात बांबूला लावून पाहिला.
वारा नव्हता.
वहीत अजून
पंचेचाळीस रुपये बाकी आहेत.