बघून घेतील

वहीतल्या रेघा हातानं मारलेल्या.
दोनशे पानी वही, वर गुलाबाचं चित्र,
आत खुणेला साबणाचा कागद.
घर, माणसं, हंडे, वेळ.
हौसाबाई खिल्लाऱ्यांचं अक्षर
आमच्या वॉर्ड ऑफिसच्या रजिस्टरापेक्षा नेटकं,
हे मी तेव्हाही मान्य केलं,
फक्त मोठ्यानं नाही.

भांडुपची टेकडी.
शुद्धीकरण केंद्राच्या भिंतीला पाठ लावून अठ्ठावीस घरं,
ज्यांच्या उशाखालून शहराचं पाणी रात्रभर जातं
आणि थांबत नाही.
आमच्या नकाशात इथं हिरवा रंग आहे. झाडी.
मी त्या झाडीत उभा, हातात पाना,
खिशात अर्जाची प्रत,
आणि झाडी मला म्हणत होती, चहा घ्या साहेब.

चार वाजता चावी फिरली.
कुणी शिट्टी मारली नाही, कुणी ढकललं नाही.
बाळंतिणीच्या घराला एक हंडा जास्त:
हे कुठल्या कलमात बसतं, मी मनात शोधत राहिलो.
सत्तार वेल्डरनं सांधा जोडला, त्याचे पैसे भिशीतून.
मागच्या वर्षी एकानं चावी चोरली.
शिक्षा काय, तर महिनाभर
म्हाताऱ्या थोरातांचं पाणी वर चढवायचं.
चढवलं. अजून चढवतो म्हणे, सवयीनं.

मी एकतीस वर्षं सरकार होतो.
म्हणजे खाकी नाही, लाल दिवा नाही;
एक पाना, एक पावतीपुस्तक, पाठीवर घामाचा नकाशा.
त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं,
आपण नसतोच तर?
आणि उत्तर समोर रांगेत उभं होतं
पदर खोचून, भांडत, हसत,
माझ्याकडे न बघता.

मग पान उलटलं.

अठ्ठाविसाव्या ओळीवर काट.
एकच रेघ, पट्टी ठेवून मारलेली, शाई दाबून.
शकुंतला गायसमुद्रे, माणसं दोन, हंडे...
आकडा काटेखालूनही वाचता येत होता.
"ही?"
हौसाबाईंनी वही मिटली.
"तिच्या पोरीनं आमच्यातल्या पोराचं नाव चौकीत दिलं.
बसून ठरवलं मग. सगळ्यांनी."
आणि पुन्हा, जरा हळू, "सगळ्यांनी."

एकमत.
त्यालाही चावी असते, एकदा आवळली
की थेंब गळत नाही.

मी खिशातला अर्ज उघडला.
खाली सही, श. गायसमुद्रे.
तिनं लिहिलं होतं, आम्हांलाही पाणी मिळावे ही विनंती.
वर साहेबांचा लाल शेरा, जोडणी अनधिकृत. तोडणे.
दोन ओळींत एका बोटाचं अंतर.
पोरीसाठी ती आमच्या एका दाराशी गेली,
पाण्यासाठी दुसऱ्या,
आणि आम्ही पाना पाठवला.

मी तोडलं नाही.
अहवालात लिहिलं, स्थळ आढळून आले नाही.
सत्तावीस घरं वाचवली म्हणून
हलक्या पायानं उतरत होतो,
तर ती खालून येत होती.
डोक्यावर एक, कमरेवर एक,
मागं पोरगी, हातात तेलाचा पाच लिटरचा डबा,
नजर पायवाटेवर.
वाट अरुंद. मी बाजूला झालो.
तिनं पाना पाहिला. विचारलं,
"साहेब, झालं का काम?"

आता निवृत्त आहे.
संध्याकाळी गच्चीवर मंडळी वाद घालतात:
सरकार हवंच कशाला,
माणसं आपापलं बघून घेतील.

घेतात बघून. मी पाहिलंय.
त्या दोन शब्दांचे दोन्ही अर्थ
एकाच वहीत, एकाच अक्षरात पाहिलेत.
दुसऱ्या बाजूनं बोलायला जावं
तर तो लाल शेरा आठवतो.
म्हणून मी कठड्याला टेकून गप्प.

पाना माळ्यावर आहे, गंजलेला.
तिला मी काय उत्तर दिलं
ते मात्र आठवत नाही.
बहुतेक, हो म्हणालो.