सपाट मैदान, दोघेही ताजे

अट पहिल्याच रात्री ठरली होती:
मैदान सपाट, वारा नाही,
दोघेही ताजे, पोटं भरलेली,
मागच्या कुठल्या मारामारीची जखम अंगावर नाही.
असं असेल तर ग्राहोरच, मुबीन पारकर म्हणाला.
ग्राहोर म्हणजे तो दगडी पाठीचा,
खाणीच्या तळाशी घोरत पडलेला,
ज्याला नुसतं उठवायलाच आमचे तीन शुक्रवार गेले.
मी म्हणालो, लिंबा.
लिंबा हे आम्ही ठेवलेलं नाव;
पडद्यावरचं खरं नाव कुणालाच उच्चारता येईना.
खाडीतली पिवळी, लिबलिबीत बया,
तोडली की दोन, दोन तोडल्या की चार,
आणि चारही तुझ्याकडे बघून हसतात.

जुबैल. कॅम्पची सतरा नंबरची खोली.
चार खाटा, बटाट्याच्या खोक्यावर टीव्ही,
दीडशे रियालला सुकातून आणलेला जुना खेळ,
एका कंट्रोलरचं डावं बटण अडकणारं.
बाहेर रात्री अकरालाही नळाचं पाणी हात भाजणारं,
म्हणून बादल्या संध्याकाळीच भरून ठेवलेल्या.

– त्याची एक थप्पड म्हणजे बाराशे.
– लागली तर.
– लागणारच. मैदान सपाट आहे.
– मग दोन होतील.
– दोघींना मारील.
– चार होतील.
– चौघींना मारील, तुझं काय जातंय?
– दमेल की कधीतरी.
– दमतो असं कुठं लिहिलंय?

खरंच, कुठंच लिहिलेलं नव्हतं.
बळ होतं, चिलखत होतं, वेग होता,
विषाला विरोध होता शेकडा चाळीस.
दमण्याचा रकानाच नव्हता.
टेकबहादुर कुकरची शिट्टी मोजत म्हणाला,
आधी भात खा, मग मरा दोघं.

माझं काम पोलाद तपासायचं.
भट्टीच्या नळ्या बंद पडतात त्या एकवीस दिवसांत
हिऱ्याचं टोक टेकवायचं, खळगा मोजायचा:
खळगा जेवढा लहान, धातू तेवढा कठीण.
पण कठीण म्हणजे टिकाऊ नव्हे,
काचही कठीणच असते, असं मी मुबीनला म्हणालो
आणि तो उखडला.
म्हणजे ग्राहोर काचेचा?
दोन दिवस बसमध्ये माझ्या शेजारी बसला नाही.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.
नळीला कुणी मारत नाही.
आत तोच दाब, बाहेर तीच आच,
वर्षानुवर्षं, सुट्टी नाही,
आणि ती केसाएवढी लांबते,
मग आणखी एका केसाएवढी.
वरून बघाल तर काही झालेलं नसतं.
मुबीन सोळा वर्षांपासून इथं.
दर शुक्रवारी फोनवर लेकीला विचारायचा,
चौकटीवरची पेन्सिलीची रेघ
आता कुठवर आली गं?

मार्चमध्ये त्याचं कंत्राट वाढलं नाही.
कालुस्त्याला जाताना दोन बॅगा, एक घोंगडीसारखी मऊ रजई,
कंट्रोलर मात्र ठेवून गेला, अडकणारा नव्हे, चांगला.
त्याच्या खाटेवर आता कोल्लमचा एक पोरगा,
त्याला फक्त फुटबॉल आवडतो.
ग्राहोर खाणीत झोपलेला आहे.
कोणी उठवत नाही.

काल रात्री पावणेतीनला फोन थरथरला.
पाच महिन्यांनी. खुशाली नाही, सलाम नाही:
इंगवले, पाण्यात लढले तर?

मी उठून बसलो.
सपाट मैदान ठरलं होतं, असं लिहिलं.
खोडलं.
दगडी पाठ बुडेल, असं लिहिलं, तेही खोडलं.
बादलीत हात घातला, पाणी निवलं होतं.
मग विचारलं: खोली किती?

बराच वेळ तो लिहीत होता, थांबत होता,
पुन्हा लिहीत होता.
मग आलं:
सतरा.