शिवाय

पहिल्याच सेमिनारमध्ये मेरिली म्हणाली, "अवकाश,"
हेन्द्रिक म्हणाला, "अवकाशाचं विघटन,"
आणि टेबलाभोवतीच्या माना डोलल्या.
मी वहीत लिहिलं: अवकाश.
खाली दोन रेघा मारल्या, समजल्यासारख्या.

बाबा लाकडाचा ट्रक चालवतात.
मला टार्टूला सोडलं तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं नव्हतं.
"पुस्तकंच वाचायचीत ना," म्हणाले, "त्यात काय एवढं."
पिशवीत काळ्या पावाची अख्खी लादी,
कापायला सुरी द्यायची राहिली.

नोव्हेंबरात दुपारी चारलाच काळोख.
एकच कविता मी अकरा वेळा वाचली.
नऊ ओळी. एक बाई, एक दार, एक बादली.
दार कळत होतं. बादलीही.
त्यात न कळण्यासारखं काय आहे
तेवढंच कळत नव्हतं.

मग वाक्यं उसनी आणली,
इकडून एक, तिकडून अर्धं,
परक्याचा कोट अंगात चढवावा तशी;
बाह्या लांब, खिशात दुसऱ्याच कुणाची तिकिटं.
कार्मोसरांनी निबंध परत दिला.
लाल शाई नाही. समासात पेन्सिलीनं, बारीक:
"हे कोण बोलतंय?"

त्या रात्री पुलावर उभी राहिले.
(तसं काही नाही. नुसती उभी राहिले.
नदी काठाकडून मध्याकडे गोठत होती
आणि खोलीवर जायचं नव्हतं,
तिथे पास झालेल्या मुली मकरोनी शिजवत होत्या.)

संध्याकाळी मी ग्रंथालयाच्या कोटघरात काम करते.
कोट घ्यायचा, बिल्ला द्यायचा.
बिल्ला घ्यायचा, कोट द्यायचा.
हेल्युबाई एकतीस वर्षं हेच करतायत,
वरच्या मजल्यावर कधी गेल्या नाहीत, गुडघे.
"काय गं ते सारखं उलटंपालटं करतेस?"
मी कागद दिला.
त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं,
बसचं वेळापत्रक वाचावं तसं.
"बादलीशिवाय गेली की ही," म्हणाल्या.
"दारापर्यंत गेली, तीही रिकाम्या हातानं.
म्हणजे पाण्याला नाही गेली."
आणि एक करडा कोट घ्यायला उठल्या.

आमच्या भाषेत चौदा विभक्ती.
आत असण्याची एक, आतून निघण्याची एक,
पर्यंतची, बरोबरची,
आणि नसण्याचीसुद्धा एक:
शब्दाला चिकटलेलं इवलंसं शेपूट.
ते लागलं की वस्तू घरातून जाते,
नाव तेवढं मागे राहतं.
हे मी चौथीत घोकलं होतं.
आणि अकरा वेळा
त्या बाईच्या हातात बादली पाहिली होती.

दुसरा निबंध आठ पानांचा हवा होता,
माझा चारच पानांचा झाला.
त्यात अवकाश नव्हता.
आमची विहीर होती, जानेवारीतली,
आणि आई एकदा दुपारी अंगणात गेली होती
हातात काही न घेता,
आणि आम्ही तिघं खिडकीतून बघत होतो
ती कधी वळते ते.
वळली ती. बटाटे करपले होते.
हे निबंधात लिहावं का, ठाऊक नव्हतं. लिहिलं.

जेमतेम पास.
समासात पेन्सिलीनं: "पुढे?"

आईच्या बोलीत ते शेपूट वेगळं आहे,
जड, घशात अडकून तुटणारं.
इथे आल्यापासून मी ते गिळत होते
गरम बटाट्यासारखं.
परवा सेमिनारमध्ये बोलता बोलता निसटलं.
कुणी हसलं नाही.
म्हणजे, हेन्द्रिक हसला.
माझे कान तापले, वाक्य अर्ध्यावर,
एक पाय बर्फावर, एक हवेत.
कार्मोसर खिडकीशी पाठमोरे उभे होते.
"हं," ते म्हणाले. "आणखी?"

"शिवाय," मी म्हणाले,