थांबा

एकतीस वर्षं अकरा नंबरची बस चालवून
ताउनो मे महिन्यात निवृत्त झाला,
आणि ऑगस्टमध्ये दारात आली ही गाडी:
चाकांवरचं बिऱ्हाड, दोन मालक पचवून आलेलं,
पडद्यांना अजून त्यांच्या तळलेल्या कांद्याचा वास,
वळणावर आपोआप उघडणारं कपाट
आणि त्यातून दर वेळी तोच पिवळा मग
इर्मेलीच्या मांडीत.

योएन्सू मागे पडलं.
दोन्हीकडे बर्च, मग बर्च आणि पाइन, मग नुसतेच पाइन.
रस्त्यात बसथांबा दिसला की
ताउनोचा पाय अजून ब्रेककडे जातो.
"कुणी नाहीये तिथे," इर्मेली म्हणते.
"दिसतंय मला," तो म्हणतो,
तरी आरशात एकदा बघून घेतो.

मागे नापी.
नापी म्हणजे बटण;
पिल्लू होती तेव्हा तिचं नाक तेवढंच होतं.
आता तेरा वर्षांची. एक कान उभा, एक रजेवर,
आणि मत मात्र प्रत्येक गोष्टीवर.

पिएलिनेनच्या काठाला लागले तेव्हा
"सात मिनिटं उशीर," ताउनो घड्याळ बघून म्हणाला.
"कशाला?" इर्मेलीनं विचारलं.
त्यानं खुर्च्या काढल्या,
चाकाला दगड लावला, दुसऱ्यालाही लावला,
गॅस तपासला, परत तपासला,
आणि मग करण्यासारखं काहीच उरलं नाही.
तसाच उभा राहिला तो,
गरम भांडं उचलल्यावर
ठेवायचं कुठे ते न सुचल्यासारखा.

संध्याकाळी निखाऱ्यावर सॉसेज, वर मोहरी.
"मीठ असतं त्यात, तिला नको," असं दोघंही म्हणाले
आणि दोघांनीही तिला दिलं, एकमेकांच्या नकळत.
अंधार दहापर्यंत आलाच नाही.
आभाळ विझलं तरी पाणी उजेड सोडेना.
रात्री पलंगावर नापी मधोमध, आडवी,
आणि कडेला हे दोघं
स्वल्पविरामांसारखे.

सकाळी कोलीच्या टेकडीवर जायचं ठरलं होतं.
कॉफी झाली. दगड काढले. इंजिन सुरू.
नापी पाण्याकाठी बसलेली.
शीळ घातली, नाव घेतलं, बिस्किटाचा पुडा वाजवला.
तिनं शेपटी दोनदा आपटली
(म्हणजे ऐकू आलंय)
आणि पुन्हा पाण्याकडे तोंड.

दार उघडं धरून उभ्या ताउनोला
एक बाई आठवली.
फेब्रुवारीतली. बर्फातून धावत येणारी,
एका हातावर केकचा खोका, दुसरा हात वर.
आठ वाजून चार मिनिटं झाली होती.
त्यानं बटण दाबलं. दार मिटलं.
आरशात ती लहान लहान होत गेली,
खोका मात्र तसाच, जराही न कललेला.

हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.
आता सांगितलं, इंजिन बंद करून.
इर्मेली बराच वेळ मग पुसत राहिली.
"कसला होता केक?"
"मला काय माहीत."
"हं," म्हणाली ती,
आणि उतरून खुर्च्या परत मांडल्या.

तो नापीशेजारी जाऊन बसला, ओल्या दगडावर.
ती इतकं काय बघतेय ते त्याला दिसेना.
पाणी होतं. एक ओंडका होता.
ओंडक्यावर काही नव्हतं.
पॅन्ट भिजली तरी तो उठला नाही.
मागे गाडीचं दार सताड उघडं,
आणि उरलेसुरले डास
चढत होते, उतरत होते,
तिकीट न काढता.