वाकवून पाहिलेला

हेल्वी तुळईच्या माथ्यावरून चालत येते,
कमरेला दोर, हातात दीड किलोचा हातोडा.
खाली नदी अजून अर्धी गोठलेली,
मधल्या काळ्या पट्टीतून एखादा ओंडका सुटून जातो.
दर स्टडला एक टोला.
टण्ण. टण्ण. टण्ण.
मागून ओइवा, चिनीमातीच्या फुटक्या कड्या
बुटानं बाजूला सारत.
स्टड त्यानं लावलेत. एकेक,
पापणी लवते ना लवते तोवर.

मी आकडे काढणारा.
ओउलूच्या ऑफिसात मी लिहिलं होतं :
टोकांकडे दाट, मध्ये विरळ.
स्लॅब आणि पोलाद यांची एकमेकांवरून सरकायची ओढ
टोकांपाशीच जास्त.
या एका ओळीला मला दुपार पुरली.
ओइवाला तीच ओळ
गुडघ्यांवर बसून अठरा दिवस.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं विचारलं, इतके कशाला?
मी समीकरणाला हात घातला.
तो उठला, गाडीतून स्की काढल्या,
दोन खोक्यांवर आडव्या टाकल्या, एकीवर एक,
आणि वर बसला.
दोन्ही वाकल्या, आपापल्या परीनं.
टोकाशी वरची नखभर बाहेर आली.
"हेच ना?"
हेच, म्हणालो. आणि राईची भाकरी चावत राहिलो.

सत्तेचाळिसाव्या ओळीत आवाज बदलतो.
टप्प.
हेल्वी वाकून पाहते :
सांध्याची कड एका अंगाला उणी.
नियम असा आहे, की त्याला ठोकायचं,
उण्या बाजूच्या उलट, झुकेपर्यंत.
तडा गेला तर कापून नवा.
नाही गेला, तर तसाच ठेवायचा.
पुन्हा सरळ करायचा नाही.

ओइवा टोपी काढतो, पुन्हा घालतो.
सात घाव. आठवा.
तडा जात नाही.
हेल्वी लाल खडूनं गोल काढते आणि पुढं जाते.

मे महिन्यात एका रात्री काँक्रीट येईल.
ओलं असेल तोवर त्याचा सगळा भार
पोलाद एकटं घेईल, खाली टेकू नाहीत.
त्या रात्री जितकं झुकेल, तितकं झुकलेलंच राहील;
मागून आलेली सोबत ते फेडत नाही.
म्हणून मी तुळई आधीच फुगवून काढली,
एकशे चौदा मिलिमीटर वर,
न आलेल्या ओझ्याची आगाऊ पोच.
पुढं लाकडाचे ट्रक येतील, त्यांना मात्र
दोघं मिळून.

माझ्या नकाशात सगळे स्टड सरळ उभे आहेत.
मी तो बदलला नाही.

संध्याकाळी ओइवा स्की उचलतो.
खालच्या स्कीला मधोमध केसाएवढी भेग.
मी पाहतोय हे त्याला दिसतं.
"जुनी आहे," तो म्हणतो,
आणि दार लावून घेतो.